एकतिसावं पान कोरं

सदर, नागपूर
१४ जून २०२५

प्रिय महादेव,

खर्रर्र-टप. खर्रर्र-टप.

आता कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही असं लिहिलंस, पण हा आवाज तुझ्या कानातून गेला असेल यावर माझा विश्वास नाही. कामठीच्या शाळेतल्या मागच्या खोलीतलं सायक्लोस्टाईल यंत्र. चित्रकलेचा मास्तर हँडल फिरवतोय, मराठीचा मास्तर कागद सरकवतोय, आणि त्या ठेक्यावर दोघं प्राथमिकच्या पुस्तकातल्या कविता म्हणताहेत. ओवीला यंत्र बरोबर चालायचं. शार्दूलविक्रीडित घेतलं की तुझा हात अडखळायचा आणि शाई फासली जायची. मुख्याध्यापक दारातून मला म्हणायचे, "लांजेवार, सहामाहीचे पेपर छापताय की काकडआरती?"

तुझी नात भूमिका वाचकाने वाट निवडायच्या पुस्तकांचा इतिहास लिहिते आहे, आणि आपण १९८६ साली छापलेलं 'नदीपलीकडचा निरोप' तिला त्यात हवं आहे, हे वाचून आधी हसू आलं. चाळीस प्रतींचं, गोधडीच्या दोऱ्याने शिवलेलं पुस्तक, आणि इतिहासात. तिला सांग, मला आठवतं ते सगळं देतो.

कल्पना मला इथे सदरलाच मिळाली, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत. मुलांसाठीचं एक इंग्रजी पुस्तक होतं, मागचा पुठ्ठा गेलेला. दर दोन-तीन पानांनी गोष्ट थांबायची आणि वाचणाऱ्यालाच विचारायची, गुहेत शिरतोस तर अमुक पान उघड, परत फिरतोस तर तमुक. मी तिथे उभ्याउभ्या तीनदा मेलो आणि एकदा राजा झालो. त्याच्याही आधी, बी.एड.ला असताना, एक अमेरिकन पाठ्यपुस्तक हाताळलं होतं. त्यात गणिताचं उत्तर चुकलं की पुस्तक तुम्हाला वेगळ्याच पानावर पाठवून समजूत घालायचं. आणि आपल्याकडे आजीचा मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, होताच. फक्त तिथे कवड्या ठरवायच्या, इथे पोरं ठरवणार होती. वर्षानुवर्षं 'कवीला काय म्हणायचे आहे' असं विचारत आलेल्या मास्तराला, 'तुला काय करायचं आहे' असं विचारणारं पुस्तक भेटलं. मला झोप येईना.

गोष्ट साधी. नदीपलीकडच्या आजीला निरोप पोचवायचा. अठ्ठेचाळीस पानं, अकरा शेवट. इंग्रजीत वाचक मुलगा की मुलगी हे ठरवावं लागत नाही, मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं. मी सवयीने 'तू निघालास' लिहिलं. कच्चा मजकूर वर्गात वाचला तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मंग आमी घरीच राहाचं काय?" म्हणून सगळं पुस्तक 'निघालीस' केलं. पोरांनी आठ दिवस तोंडं फुगवली. आणि एक नियम माझा होता. ज्या पानावर पोचलात त्याच्या तळाशी पेन्सिलीने तारीख घालायची. पानात बोट ठेवून मागे पळणारी लबाड मंडळी त्यानेच सापडायची.

एवढं भूमिकेला दे. पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

तिला प्रत मिळाली कुठे, महादेव? या पुस्तकाची एकही प्रत आज जगात नसायला हवी.

तुझा,
मनोहर


पुणे
२३ जून २०२५

मनोहर गा,

तुह्यं पत्र वाचून भूमिका घरभर नाचून राहिली. मोक्षपट अन् कवड्या तर तिनं लगेच लिहून घेतल्या. मले म्हणते, "आबा, तुमचे मित्र किती गोड लिहितात." म्या म्हटलं, गोड लिहिते, पण पत्राची सुरुवात आवाजापासून अन् शेवट रडण्यात, हे त्याचं ठरलेलं हाय.

प्रत माह्या पेटीत होती. ब्रशच्या डब्याखाली. उरलीसुरली एखादी राहिली असन, मले काय ध्यान? साफसफाईत पोरीच्या हाती लागली. तू पोलिसासारखं काहून इचारून राहिला?

आता ऐक. हे पोरगी ज्या कंपनीत हाय, ते कंपनी मोबाईलवरच्या गोष्टी बनवते. बोट लावलं का गोष्ट इकडं जाते, नाही तं तिकडं. त्यांचं एक ऑफिस तुह्या नागपुरातच हाय, मिहानमध्ये. दसऱ्याच्या आठवड्यात तिथं प्रदर्शन मांडून राहिले, अशा पुस्तकांच्या इतिहासाचं. त्यात आपल्या पुस्तकाची सगळी पानं भिंतीवर लावतो म्हणते. पेपरवाले येतीन. तुले खुर्ची देतीन, शाल देतीन. माह्या चित्रातल्या म्हशीले पाहून सारे हसतीन, त्याची तयारी म्या केली हाय.

हो म्हण. एक ओळ लिही अन् धाड. बाकी काही इचारत बसू नोको. म्हातारपणी जुनं उकरून काही भेटत नाही, कंबर दुखते फक्त.

तुहा,
महादेव


नागपूर
१ जुलै २०२५

प्रिय महादेव,

नाही. ती पानं भिंतीवर लागता कामा नयेत. मिहानपासून कन्हान किती लांब आहे? पेपरात पहिला फोटो येईल आणि दुसऱ्या दिवशी कन्हानच्या पानठेल्यावर कोणीतरी म्हणेल, हे तर त्या गोपिकेचं पुस्तक.

अडतीस वर्षांत आपण हे नाव एकमेकांसमोर काढलेलं नाही. आज मी काढतो. 'आमी घरीच राहाचं काय' म्हणणारी मुलगी तीच. कोळसा खाणीतल्या रामाजीची मुलगी, रोज नदीचा पूल ओलांडून कन्हानहून कामठीला शाळेत यायची.

पान एकतीसचं स्टेन्सिल फाटलं होतं, आठवतं? सहामाहीचे पेपर यंत्रावर चढायचे होते, आणि आपण ते पान तसंच कोरं शिवलं. पान एकोणीसवर लिहिलं होतं, 'घरी परत जायचं असेल तर पान बारा. पूल ओलांडून स्टेशनकडे जायचं असेल तर पान एकतीस.' आणि एकतीसवर काहीच नाही. पुढच्या मार्चमध्ये ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. तेव्हा ती नववीत होती, आणि त्याच वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. ते मला माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं. म्हणाली, "गुरुजी, एकतीसवर काहीच नाही."

मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "मग तू लिही."

केवढं छान बोललो असं वाटलं होतं मला. संध्याकाळी बायकोला सांगितलंही.

सव्वीस एप्रिलला, हळदीच्या आदल्या दिवशी, तिच्या चपला पुलाच्या कठड्याशी सापडल्या. कोळी लोक चार दिवस नदीत शोधत होते. सुट्टीतही निकालाच्या कामाला आपण शाळेत होतो. रामाजी तिथे आला, त्याने माझी कॉलर धरली आणि विचारलं, "पोरीले काय शिकवलं तुमी?" मी त्याच्यासमोर मुलासारखा रडलो. तू तिथेच उभा होतास.

पोरांकडून प्रती परत मागवल्या आणि परसात जाळल्या. मोजून एकोणचाळीस. चाळीसावी तिच्याजवळ होती. ती तिच्याबरोबर नदीत गेली असं मी धरून चाललो. त्यानंतर बदली मागून घेतली. तो पूल मी पुन्हा ओलांडला नाही आणि मुलांसाठी एक ओळ लिहिली नाही.

म्हणून पुन्हा विचारतो. एकोणचाळीस जळल्या. तुझ्या पेटीतली कोणती?

मनोहर


पुणे
९ जुलै २०२५

आदरणीय मनोहर आजोबा,

सा. न. मी भूमिका. आबांना न सांगता लिहिते आहे. तुमचं दुसरं पत्र आल्यापासून ते नीट जेवत नाहीयेत, आणि मला एवढंच सांगतात की प्रदर्शन रद्द कर. काय झालं विचारलं की त्यांना ऐकू येत नाही. इतर वेळी बरंच येतं.

तुम्हाला पुस्तक दाखवायचं नसेल तर मी दाखवणार नाही, हे आधीच सांगते. पण का नको ते कळलं तर बरं वाटेल. मी दोन वर्षं या पुस्तकांच्या मागे आहे. १९३० साली अमेरिकेत दोन बायकांनी मिळून असं एक पुस्तक लिहिलं होतं, मोठ्या माणसांसाठी, लग्न कोणाशी करावं ते वाचकाने ठरवायचं. मग साठच्या सुमाराची ती शिकवणारी पुस्तकं, तुम्ही पाहिलेली. मग कॉम्प्युटर आले आणि वाक्य टाईप करून गोष्टीत शिरायची सोय झाली. ऐंशीच्या दशकात तर मुलांच्या पुस्तकांचा पूर आला, फासे टाकून खेळायचीही निघाली. या सगळ्यात एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यासाठी अख्खं पान मोकळं सोडलंय, असं पुस्तक. ते तुमचं आहे.

आणि ते कोणीतरी भरलंही आहे. तुम्ही आणि आबा दोघंही त्याबद्दल काही बोलत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला माहीतच नसेल. पानाची झेरॉक्स सोबत जोडते. अक्षर फिकट आहे म्हणून खाली उतरवूनही देते.

'तू पूल ओलांडून आलीस. मागे कोणी आलं नाही. चपला तू तिकडेच काढून ठेवल्या होत्या म्हणून पाय भाजले. इथे घराला दोन दारं आहेत. बाई सकाळी दवाखान्यात जातात तेव्हा तू पोळ्या करतेस. अजून गोल होत नाहीत. इथली माणसं वेगळं बोलतात. पुढचं पान तुला माहीत नाही. मागचं उघडायचं नाही.'

खाली तुमच्या नियमाप्रमाणे तारीख आहे. २ जून १९८७.

तुमची,
भूमिका


नागपूर
१४ जुलै २०२५

महादेव,

दोन जून.

चपला सव्वीस एप्रिलला सापडल्या होत्या.

ते अक्षर मी तीन वर्षं तपासलं आहे. ओळखायला मला तारखेची गरज नव्हती. पण तारीख आहे, आणि ती माझ्याच नियमाने आहे. झेरॉक्स दोन दिवस उशाशी घेऊन बसलोय. सून विचारते, बाबा, बिल आलंय का कसलं.

ती कुठे आहे? आहे का? उलट टपाली लिही. या वेळी म्हशीबद्दल लिहू नकोस.

मनोहर


पुणे
२१ जुलै २०२५

मनोहर,

हाय. जिवंत हाय. दुर्गला राहते. सरकारी दवाखान्यात नर्स हाय, अजून पाच वर्षं नोकरी हाय तिची. नवरा चांगला हाय. एक पोरगी हाय, रोशनी नावाची, शिकून राहिली.

आधी हे लिहिलं, आता बाकीचं लिहितो. बस, वाच, अन् मंग मले शिव्या देजो.

पंचवीस एप्रिलच्या दुपारी ते माह्या घरी आली. शाळेले सुट्ट्या लागल्या होत्या. पुस्तक हातात. म्हणे, "सर, गुरुजीनं मले एकतीस नंबर लिहाले सांगतलं. पण मले स्टेशनच्या पुढं काय हाय तेच माहीत नाही, तं लिहू कसं?" मनोहर, म्या रात्रभर इचार केला नाही, का कोणाले इचारलं नाही. सकाळी ते पूल ओलांडून आली तशी सायकलच्या दांड्यावर बसवलं, कामठी स्टेशनवर नेलं अन् गाडीत बसलो तिच्यासंग. राजनांदगावले माही बहीण वंदना होती, नर्स, एकटी. तिच्याकडं ठेवलं. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. चपला पोरीनंच काढून ठेवल्या होत्या, मले न सांगता. मले वाटलं घाईत राहिल्या. दुसऱ्या दिवशी समजलं का तिनं मास्तरहून जास्त डोकं चालवलं.

आता तुह्यावाला प्रश्न. तुले काहून नाही सांगतलं?

पोरीनंच शपथ घातली होती. म्हणे, "गुरुजीले सांगू नोका. त्याईले बाबापुढं खोटं बोलता येणार नाही." खरं होतं ते. तुह्या पोटात काही राहते काय? तू कवितेत सांगून टाकला असता. रामाजी तेव्हा सगळ्या कन्हानात म्हणत फिरे, मेली असन तं रडीन, पळाली असन तं हुडकून हातानं मारीन. तो शाळेत आला तेव्हा म्या कोपऱ्यात उभा राहून पाहून राहिलो होतो. तू रडला. ते रडणं खरं होतं, म्हणून त्यानं पोरीले नदीत शोधलं, गाडीत नाही शोधलं. त्या दिवशी तुले सांगतलं असतं, तं पोरगी आठ दिवसांत सापडली असती.

मंग एक वर्ष गेलं. मंग दोन गेले. मंग म्या इचार केला, आता सांगतलं तं मनोहर माह्याशी बोलणार नाही. असे अडतीस झाले. तू पुस्तकं जाळून राहिला होता तेव्हाबी म्या तिथं होतो. राख म्याच भरली. हे मले माफ करू नोको.

वंदना गेली तेव्हा तिच्या सामानात पुस्तक आलं. फेकवलं नाही.

आता भूमिकेले सारं सांगतलं. तिनंच दुर्गले फोन लावून देला. मले ऐकू येत नव्हतं, भूमिका लिहून दाखवत होती. गोपिका म्हणे, "आई असन तं आईले सांगा. ऐंशीच्या घरात असन ते आता. माह्यानं राहवत नाही. पण बाबाले नोको. बाबा असतीन तर त्याईच्या कानावर जाऊ देऊ नोका." त्रेपन्न वर्षांची बाई, मनोहर, अन् अजून आवाज खाली करून बोलते म्हणे भूमिका.

मी पुण्यात, बहिरा, गुडघे गेलेले. कन्हान तुह्यापासून एका बसवर हाय. काय ते तू ठरव.

महादेव


नागपूर
१८ ऑगस्ट २०२५

महादेव,

महिनाभर लिहिलं नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यातली दोन शिव्यांची होती. तिसऱ्यात तुझे पाय धरले होते. दोन्ही खरं आहे, आणि कुठलं आधी येतं ते दिवसावर आहे. माझ्या रडण्याचा तू पडदा केलास. ती वाचली. या दोन वाक्यांच्या मधे मी बसलोय. तुला माफ केलं की नाही ते विचारू नकोस, मला अजून माहीत नाही. कवितांच्या पुस्तकात याला कुठे जागा होती असं आठवत नाही. तिथे सगळं शेवटच्या कडव्यात मिटायचं.

पण काळजी आता दुसरीच आहे, आणि ती मला बसू देत नाही. गोपिकेची आई, देवकीबाई, आहेत की नाहीत? असल्या तर किती दिवस? मी एकेक दिवस घालवतोय आणि तो त्यांच्यातून वजा होतोय. तीनदा कन्हानच्या बसमध्ये बसलो. तिन्ही वेळा पुलाच्या अलीकडे, कामठीलाच उतरलो. तिसऱ्या वेळी कंडक्टर म्हणाला, "काका, तिकीट कन्हानचं काढता अन् रोज इथंच उतरता. कोणी मारते काय तिकडं?" त्याला काय सांगू? खरं तर हेच सांगायला हवं होतं, की हो, एक माणूस आहे, त्याने एकदा माझी कॉलर धरली होती, आणि त्याच्या मुलीबद्दल मला जे माहीत आहे ते माझ्या तोंडावर लिहिलेलं असेल. गोपिका बरोबर बोलली. मला त्याच्यापुढे खोटं बोलता येणार नाही.

शेवटी जे येतं ते केलं. देवकीबाईंना पत्र लिहिलं. सोपं, मोठ्या अक्षरात, मास्तरकी न करता. पहिलं वाक्य, 'देवकीबाई, तुमची गोपिका जिवंत आहे आणि सुखात आहे.' दुसरं, 'हे रामाजींना कळू देऊ नका, मुलीनेच तशी विनंती केली आहे.' मग तिचा पत्ता, नातीचं नाव. पाकिटावर फक्त त्यांचं नाव घातलं, आणि मागे माझं नाव-पत्ता. पत्ता शाळेच्या जुन्या वहीतलाच होता. माणसं घरं बदलत नाहीत तिकडे.

आजच सकाळी पेटीत टाकलं. टाकल्यावर पेटीच्या तोंडात हात घालून बघितलं, निघतं का. निघालं नाही. त्यामुळे आता झालंच म्हणायचं.

मनोहर


पुणे
२२ ऑगस्ट २०२५

मनोहर,

हे स्पीड पोष्टानं धाडून राहिलो. भूमिकेनं तुले सहा वेळा फोन लावला, तो बंद. पोरानं घेऊन देलेला मोबाईल तू कपाटात लोणच्यासारखा भरून ठेवते काय?

अरे पागल माणसा, देवकीले वाचता कुठं येते? गोपिकेच्या दाखल्यावर तिनं अंगठा लावला होता, तुह्याच टेबलावर, तूच शाईचा डबा पुढं केला होता. तुह्या डोक्यात सारं जग आठवी पास हाय. ते पत्र कोणापाशी जाईन वाचून घ्याले? नवऱ्यापाशी. नाही तं शेजारच्या पोट्ट्यापाशी, अन् तो सारं गल्लीत वाचीन, दुसऱ्या वाक्यासकट.

लगेच कन्हानले जा. पोष्टात जाऊन पोष्टमनले धर. म्हण, चुकून पडलं, वापस दे. पूल पाहून उतरू नोको. डोळे मिट अन् बसून राहा. गोपिकेले म्या अजून काही सांगतलं नाही. ते रोज भूमिकेले फोन करून इचारते, आईले भेटलं काय.

महादेव


नागपूर
१ सप्टेंबर २०२५

प्रिय महादेव,

तुझं पत्र पोचेपर्यंत उशीर झाला होता. तरी मी गेलो. या वेळी उतरलो नाही. पूल आला तेव्हा डोळे उघडेच ठेवले. नदीत पाणी भरपूर होतं, एवढंच पाहिलं. कन्हानच्या पोस्टात एक तरुण बाई होत्या. म्हणाल्या, "काका, ते तर बावीसलाच देलं. घरच्यानं घेतलं." कोणी घेतलं विचारलं, तर त्यांना आठवेना. रामाजीच्या गल्लीपर्यंत गेलो. कोपऱ्यावर उभा राहिलो. दार बंद होतं, बाहेर एक चारपाई होती, बाकी काही नाही. कोणाला विचारायचं धाडस झालं नाही. परत आलो.

त्याला आज तीन दिवस झाले. तेव्हापासून फाटक वाजलं की खिडकीशी जाऊन बघतो. दूधवाला आला तरी. मला वाटतं त्याने पत्र वाचलं असेल, पत्ता त्याच्या हातात असेल. दुर्गला जाणाऱ्या गाड्या मी टाईमटेबलात बघून ठेवल्यात, त्याने जायचं ठरवलं तर कुठल्या गाडीने जाईल म्हणून. तू गोपिकेला सावध कर. आजच कर, भूमिकेला सांग

थांब. फाटक वाजलं.

महादेव, रामाजी आला आहे.

बाहेरच्या खोलीत बसवलंय. सून घरी नाही. मीच पाणी दिलं. त्याला ओळखलं नाही आधी, इतका वाळलाय. काठी आहे, डोळ्यांवर जाड काळा चष्मा. ऑटोवाल्याने फाटकापर्यंत हात धरून आणलं. मी दारात उभा. तोच म्हणाला, "लांजेवार गुरुजीचं घर हेच काय? मी रामाजी. कन्हानचा. ध्यान नसन तुमाले."

ध्यान नसेल म्हणतो.

खिशातून पाकीट काढलं. माझंच. फोडलेलं नव्हतं.

"देवकीच्या नावानं आलं," म्हणाला. "देवकी तं गेली, गुरुजी. मागच्या सालच्या पोळ्याले गेली, वर्ष झालं. जिंदगीत तिले एकबी चिठ्ठी नाही आली, आली तं हे आली. मले काही दिसत नाही आता. शेजारचा पोरगा म्हणे, आणा, मी वाचतो. म्या म्हटलं, नाही, तिची हाय, कोणाच्याबी हातात देणार नाही. आठ दिवस देवापाशी ठेवली. मंग पोष्टातल्या बाईनं मांगचं नाव-पत्ता वाचून देला, तुमचा. म्हटलं, लिवणाराच वाचून देईन तं बरं."

मग म्हणाला, "तिले आखरीपर्यंत वाटे का पोरगी कोठीतरी हाय. म्या तिले चूप करत राहिलो."

माझ्याकडे तोंड करून बसलाय, म्हणजे जिथे मी उभा होतो तिथे. पाकीट गुडघ्यावर ठेवून त्यावर हात सरळ करतोय.

चष्मा आणतो सांगून मी आत आलो. चष्मा नाकावर आहे. हे तुला खरडतोय, कारण दुसरं कोणाला विचारू? पहिलं वाक्य मला तोंडपाठ आहे. दुसरंही. आणि तिकडे ती रोज विचारते आहे, आईला मिळालं का. तिलाही आता कोणीतरी सांगायला हवं.

तो हाक मारतोय, "गुरुजी, सापडला काय चष्मा?"

सापडला, म्हणालो. जातो.